अर्धवट सोडलेले औषध : क्षयरोग आणि आपली अमानत

बरे वाटू लागताच औषध सोडून देणे ही आपल्या घरांतील सर्वसाधारण सवय आहे. सर्दी-तापाच्या दोन-चार गोळ्या डब्यात उरल्या तर त्याची कोणी फारशी दखलही घेत नाही. परंतु एक रोग असा आहे, ज्यात ही सवय केवळ रुग्णाच्याच नव्हे, तर त्याच्या पत्नीच्या, लेकरांच्या, शेजाऱ्यांच्या आणि मस्जिदीत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या नमाजीच्या जिवावर बेतू शकते. तो रोग म्हणजे क्षयरोग, ज्याला आपण टी.बी. म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि सुमारे साडेबारा लाख लोक त्याने दगावले. जगातील एकूण रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांतील एकाहून अधिक, त्या वर्षी आपल्या भारतात होते. भारताने २०२५ पर्यंत क्षयरोग संपविण्याचे ध्येय ठरविले होते. रुग्णांचे प्रमाण २०१५च्या तुलनेत घटले हे खरे. पण रोग संपलेला नाही. जिथे घरे दाटीवाटीची, खोल्या कोंदट, काम धुळीचे आणि जेवण अपुरे, तिथे तो मुक्काम ठोकून बसतो. मुंबई, भिवंडी, मालेगाव येथील आपल्या वस्त्या डोळ्यांसमोर आणल्या, तर हा विषय इस्लामी शिकवणीच्या मासिकात का, याचे उत्तर वेगळे देण्याची गरज उरत नाही.

उपचार हा तवक्कुलचाच भाग

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही श्रद्धावान मंडळींना वाटते की, आजार अल्लाहकडून आलेला आहे, तोच तो दूर करील. औषधामागे धावणे म्हणजे तवक्कुलमधील उणीव होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. उसामा बिन शरीक (र.) यांच्या कथनानुसार काही ग्रामीण अरबांनी प्रेषितांना (स.) विचारले की, आम्ही औषधोपचार करावेत काय? त्यावर प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचा आदेश दिला आणि म्हातारपण वगळता असा कोणताही आजार नाही ज्याचे औषध अल्लाहने निर्माण केलेले नाही, असे समजावले (अबू दाऊद, तिर्मिजी). उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितल्याची हदीसही सर्वपरिचित आहे.

दुसरा गैरसमज संसर्गाबाबतचा. संसर्ग नाही, अशा आशयाची एक हदीस आहे आणि तिचा आधार घेऊन काही लोक खबरदारीची चेष्टा करतात. परंतु हदीससंग्रहांतच आजारी उंट निरोगी उंटांत न मिसळण्याचा आदेश आहे, कुष्ठरोग्यापासून दूर राहण्याची सूचना आहे आणि जिथे प्लेग पसरला आहे तिथे न जाण्याचा व तिथून पळून न निघण्याचाही आदेश आहे (बुखारी, मुस्लिम). या सर्व हदीसींचा एकत्र विचार करून विद्वानांनी असा खुलासा केला आहे की, अज्ञानकाळातील अरब रोगाला स्वतःचीच शक्ती आहे असे मानत, ती समजूत येथे खोडून काढलेली आहे. अल्लाहने ठरविलेल्या कारणांचा नियम रद्द केलेला नाही.

हजरत उमर (र.) शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना प्लेगची वार्ता मिळाली. सहाबांशी विचारविनिमय करून त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (र.) यांनी, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय, असा प्रश्न केला. उमर (र.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. नंतर अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांनी प्लेगविषयीची हदीस ऐकविली आणि त्या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले. रोग जशी तकदीर, तसे औषधही तकदीरच. एकाला मानायचे आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, हा तवक्कुल नव्हे.

हा रोग कसा आहे?

२४ मार्च १८८२ रोजी जर्मन वैज्ञानिक रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. म्हणूनच तो दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. हा रोग आनुवंशिक नाही, कोणाचा शाप नाही, करणी तर नाहीच नाही. फुप्फुसाचा क्षय असलेला रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म कणांतून जंतू हवेत मिसळतात. बंद, अंधाऱ्या खोलीत ते बराच वेळ टिकून राहतात. मोकळी हवा आणि ऊन त्यांचे शत्रू आहेत. ताटवाटी, कपडे किंवा हस्तांदोलन यांमुळे हा रोग पसरत नाही.

जंतू शरीरात गेला म्हणजे प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात तो निद्रिस्त राहतो. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, मधुमेह, तंबाखू, दारू आणि एच.आय.व्ही. यांमुळे ही शक्यता वाढते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी येणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, थुंकीतून रक्त ही त्याची लक्षणे होत. यांपैकी काही आढळले तर थुंकीची तपासणी करून घेणे आपले कर्तव्य ठरते. आता जंतूची जनुकीय खूण ओळखणाऱ्या चाचण्या सरकारी केंद्रांत मोफत होतात आणि काही तासांत निदान मिळते. त्यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे आहे. रोगाबरोबरच रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही या चाचणीतून कळते.

सहा महिनेच का?

सर्वसाधारण क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील चार महिने त्यांपैकी पायराझिनामाइड वगळता उरलेली तीन औषधे रोज दिली जातात. पहिल्या काही आठवड्यांतच वेगाने वाढणारे जंतू मरतात. खोकला थांबतो, भूक लागते, ताप जातो. रुग्णाला वाटते, मी बरा झालो. परंतु संथपणे जगणारे काही जंतू अजून दडून बसलेले असतात आणि पुढील महिन्यांचे औषध खास त्यांच्यासाठीच असते. या टप्प्यावर औषध सोडले, किंवा कधी घेतले कधी नाही असे केले, तर उरलेल्या जंतूंतून औषधाला न जुमानणारे जंतू निवडले जाऊन वाढतात. मग तेच स्वस्त औषध निरुपयोगी ठरते. औषधाला दाद न देणारा हा क्षय रुग्ण दुसऱ्याला देतो तेव्हा त्या बिचाऱ्याने एकही गोळी चुकविलेली नसते, तरीही त्याचा रोग पहिल्या दिवसापासूनच कठीण असतो.

येथे आपल्या धर्माचा प्रश्न उभा राहतो. शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अल्लाहची अमानत आहे. रोज उपवास व रात्रभर नमाज करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना प्रेषितांनी (स.) आठवण करून दिली होती की, शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे (बुखारी). इबादतीच्या ओढीनेसुद्धा ज्या शरीराचा हक्क डावलता येत नाही, तो आळसाने किंवा लाजेपोटी कसा डावलता येईल? आणि हे केवळ स्वतःपुरते नाही. स्वतःला हानी पोहोचवू नये आणि दुसऱ्यालाही पोहोचवू नये, हे इब्ने माजा यांनी नोंदविलेल्या हदीसीतून आलेले शरीअतचे मूलभूत तत्त्व आहे. उपचार न घेतलेला फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे मानले जाते. एका जिवाला वाचविणे म्हणजे जणू समस्त मानवजातीला वाचविणे, हा सूरह अल-माइदाच्या ३२व्या आयतीचा संदेश आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो. सहा महिने नेमाने गोळी घेणे हे त्याच आयतीवरील साधे, निःशब्द आचरण आहे.

औषधांचा त्रास होतो हे खरे. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, नजर धूसर होणे, हातापायांत मुंग्या येणे असे काही दिसल्यास आपण होऊन औषध न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. औषध बदलण्याचा मार्ग असतो. गुपचूप बंद करण्याचा मार्ग मात्र विनाशाकडे नेतो.

लपविण्याचा रोग

जंतूइतकाच घातक आहे तो या रोगाभोवतीचा संकोच. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून निदान दडविले जाते. सुनेला माहेरी पाठवून दिले जाते. कामावरून काढतील म्हणून कारागीर खोकला दाबत यंत्रमागावर उभा राहतो. परिणाम असा की, निदान उशिरा होते आणि तोवर रोग घरभर फिरलेला असतो.

१९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रातील संशोधन याबाबत डोळे उघडणारे आहे. त्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवणे अनिवार्य समजले जाई. या केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीच्या, गरीब घरांतच औषध दिले. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच चांगले बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना रोगाचा अधिक धोका झाल्याचे आढळले नाही. कारण परिणामकारक औषध सुरू झाले की रुग्णाची संसर्ग देण्याची क्षमता झपाट्याने घटते. या निष्कर्षाने जगभरची उपचारपद्धती बदलली. मग आज आपण कोणत्या आधारावर आजारी सुनेचे ताट वेगळे करतो? सुरुवातीचे काही आठवडे तोंडावर मास्क, उघड्या खिडक्या, खोकताना तोंडावर रुमाल एवढी दक्षता पुरेशी असते. रुग्णाची विचारपूस हा मुस्लिमाचा मुस्लिमावरील हक्क आहे (बुखारी, मुस्लिम). त्याला वाळीत टाकणे हा या हक्काचा भंग आहे.

विवाहाच्या बाबतीतही संतुलन हवे. चालू आजार दडवून निकाह लावणे ही फसवणूक होय आणि फसविणारा आमच्यापैकी नाही, असा कठोर इशारा प्रेषितांनी (स.) दिलेला आहे (मुस्लिम). परंतु जी मुलगी औषध पूर्ण करून बरी झाली आहे, तिला जुन्या आजाराचा डाग लावून नाकारणे आणि चार ठिकाणी तशी कुजबुज करणे, हा अन्यायही आहे आणि गीबतही. सत्य सांगण्याची अपेक्षा करणाऱ्या समाजाने आधी सत्य ऐकून घेण्याचे मन तयार केले पाहिजे.

रमजान आणि रुग्ण

रमजानमध्ये अनेक रुग्णांचे औषध खंडित होते. पवित्र कुरआनने सूरह अल-बकराच्या १८४ व १८५ या आयतींत आजारी व्यक्तीला रोजे पुढे ढकलण्याची स्पष्ट सवलत दिली आहे आणि त्याबरोबरच हेही सांगितले आहे की, अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण नव्हे. क्षयरोग बरा होणारा आजार असल्यामुळे सुटलेले रोजे प्रकृती सुधारल्यावर कजा म्हणून पूर्ण करावयाचे असतात. फिदियाची तरतूद ज्यांना बरे होण्याची आशाच उरलेली नाही त्यांच्यासाठी आहे. ज्याची प्रकृती स्थिर आहे व ज्याला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, त्याला दिवसातून एकदा घ्यावयाच्या गोळ्या सहरीपूर्वी किंवा इफ्तारनंतर ठराविक वेळी घेता येतात. मात्र हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, जेव्हा शरीर खंगलेले असते, तेव्हा सवलत नाकारणे ही धार्मिकता नव्हे.

अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत जाबिर (र.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला जखम झाली. त्याच्यावर गुस्ल अनिवार्य झाले तेव्हा त्याने सोबत्यांना सवलतीबद्दल विचारले. त्यांनी सवलत नाही असे सांगितले, त्याने अंघोळ केली आणि तो मरण पावला. हे कळताच प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले. माहीत नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानाचा उपाय विचारणे हाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. घरातील आजारी माणसाला रोजा न ठेवल्याबद्दल टोमणे मारणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानी ठेवावी.

अन्न हेही औषध

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक महत्त्वाचे संशोधन झाले. क्षयरोग्यांना औषधाबरोबर तांदूळ, भाजलेल्या चण्याचे पीठ, दूध पावडर व तेल यांचा शिधा देण्यात आला. निम्म्या गटांत त्यांच्या कुटुंबीयांनाही तांदूळ व डाळ देण्यात आली. ज्या घरांना शिधा मिळाला त्या घरांतील इतरांमध्ये नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयात ही घट सुमारे ४८ टक्के होती. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोकाही निम्म्याहून कितीतरी कमी झाला. ही कोणतीही महागडी लस नव्हती. ती डाळ-भाताची पोती होती.

सूरह अद्-दहरमध्ये अल्लाहच्या प्रेमापोटी गरीब, अनाथ व कैद्याला जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानबद्दल हदीसींत प्रश्न उपस्थित केला आहे. या शिकवणीचे मोजता येण्याजोगे फळ आता आपल्यासमोर आहे. शासनाच्या निक्षय पोषण योजनेत उपचारकाळात रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा पैसे जमा होतात. २०१८ साली ही रक्कम ५०० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. पण त्या रकमेत पूर्ण कुटुंबाचे पोषण होत नाही. २०२२ पासून व्यक्ती व संस्थांना निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवून रुग्णांना पोषण आहार देता येतो. आपल्या मस्जिद समित्या, बैतुलमाल आणि महिला मंडळे यांनी हे काम हाती घेतले तर? सदका कोणत्याही धर्माच्या गरजू रुग्णाला देता येतो. जकातीच्या विनियोगाचे तपशील हनफी व शाफई मसलकांत भिन्न असल्याने त्याबाबत आपल्या आलिमांना विचारून पाऊल उचलावे.

औषधाच्या किमतीचा प्रश्न

औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत आणि त्यातील इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्ती कायमची जात असे. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलिन हे चार दशकांतील पहिले नवीन वर्गाचे क्षयरोगविरोधी औषध होते. मात्र त्याचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे होते आणि किंमत गरीब देशांना जड जाणारी होती. कंपनीने भारतात पेटंटची मुदत वाढविण्यासाठी केलेल्या अर्जाला, क्षयरोगातून बऱ्या झालेल्या व उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या दोन महिलांनी, भारतातील नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांनी, आव्हान दिले. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. भारतीय कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीतील या औषधाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. २०२४ मध्ये भारताने या औषधावर आधारित सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला मान्यता दिली.

संशोधकाच्या श्रमाचा मोबदला इस्लाम नाकारत नाही. परंतु लोकांच्या गरजेची वस्तू अडवून भाव चढविणाऱ्याला प्रेषितांनी (स.) गुन्हेगार ठरविले आहे (मुस्लिम). दमास्कस व कैरो येथील मध्ययुगीन बीमारिस्तान वक्फच्या उत्पन्नावर चालत आणि गरिबाला तिथे उपचारांचे मोल द्यावे लागत नसे. रोग्याचे दुःख ही कमाईची संधी नसून समाजाची जबाबदारी आहे, हीच त्यामागील धारणा होती. त्या दोन महिलांचा लढा कोणत्या धर्माच्या नावाने झाला नाही. तरीही न्यायासाठी उभे राहण्याचा जो आदेश आपल्याला आहे, त्याचे ते उत्तम उदाहरण आहे.

आपण काय करावे?

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या घरच्या प्रत्येकाची थुंकी तपासून घ्यावी. निक्षय संपर्क या मोफत हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-६६६६ हा आहे.

२. रुग्णासोबत राहणाऱ्या सर्वांची तपासणी करावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास प्रतिबंधक औषधही पूर्ण घ्यावे.

३. घरातील एका व्यक्तीने रुग्णाच्या रोजच्या गोळीची जबाबदारी घ्यावी. फजर किंवा इशाच्या नमाजीशी ती वेळ जोडल्यास विसर पडत नाही.

४. जंतू पसरण्याची शक्यता असेपर्यंत रुग्णाने जमाअतमध्ये न जाता घरी नमाज अदा करावी. कच्चा लसूण-कांदा खाऊन मस्जिदीत येण्यास ज्या धर्माने मनाई केली, त्याला इतरांच्या जिवाची काळजी किती असेल, हे उघड आहे.

५. मस्जिद व मदरशांच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जुम्याच्या खुतब्यात वर्षातून एकदा तरी हा विषय यावा.

६. तावीज, झाडफूक किंवा अनोळखी चूर्णासाठी डॉक्टरांचे औषध कधीही थांबवू नये. दुआ औषधाबरोबर करावी, औषधाऐवजी नव्हे.

वाचकहो, कयामतच्या दिवशी आरोग्य व आयुष्य यांच्याविषयी आपल्याला विचारले जाणार आहे. कदाचित त्या हिशेबात ही सहा महिन्यांची गोळ्यांची पाकिटेही असतील. ज्यांनी ती पूर्ण केली त्यांची, ज्यांनी कोणाला पूर्ण करण्यास मदत केली त्यांची आणि ज्यांच्या टोमण्यांमुळे कोणी ती लपविली त्यांचीही. अल्लाह आपल्या सर्व रुग्णांना पूर्ण आरोग्य देवो, औषधे सर्वांच्या आवाक्यात आणो आणि एकमेकांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.